टायमिंग बेल्टचा म्हणून सांगितला जाणारा कर्कश आवाज : नेमका कुठून येतो हे कसे ओळखावे?

प्रश्न (जुळे सोलापूरकर)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१४ सालची, दीड लिटर डिझेल इंजिनाची गाडी आहे. रोज जुळे सोलापूरहून चिंचोळी एमआयडीसीपर्यंत आणि आठवड्यातून एकदा कामानिमित्त पंढरपूरला जाणे-येणे असते. साधारण तीन आठवड्यांपासून, सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटच्या आतून कानठळ्या बसवणारा ‘चीं’ असा आवाज पाच-सहा सेकंद येतो आणि मग आपोआप थांबतो. थंडी जास्त असेल किंवा रात्री दव पडलेले असेल, तर तो जास्त वेळ टिकतो. एसी लावल्यावर, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आणि हेडलाइट लावून गाडी जागेवर उभी असताना तो पुन्हा येतो. मोकळ्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगाने जाताना मात्र काहीच ऐकू येत नाही. इंजिन बंद करतानाही शेवटी एक बारीकसा चीत्कार होतो. तो आधीपासूनच होता की आता नव्याने आला, हे मला खात्रीने आठवत नाही.

एका गॅरेजमध्ये दाखवली असता तेथील मेकॅनिकने बॉनेट न उघडताच टायमिंग बेल्ट ओरडतो आहे असे सांगितले आणि बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) व वॉटर पंप (इंजिन थंड ठेवणारे पाणी फिरवणारा पंप) मिळून १८,००० रुपयांचा अंदाज दिला. टायमिंग बेल्ट यापूर्वी २०१९ मध्ये ८२,००० किलोमीटरला बदलला होता आणि आता गाडी १,३६,००० किलोमीटर चालली आहे. खर्च करण्याची माझी तयारी आहे, पण खर्च करूनही आवाज तसाच राहिला तर काय, ही धास्ती आहे. दुसऱ्या बाजूला, पंढरपूरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांच्या मध्ये टायमिंग बेल्ट तुटला तर काय होईल, हा विचारही मनातून जात नाही. आवाज नक्की कशाचा आहे, हे घरच्या घरी किंवा मेकॅनिकसमोर उभे राहून कसे ठरवता येईल?

उत्तर (पूर्व भागातला यंत्रमागवाला)

मी गाड्यांचा मेकॅनिक नाही, परंतु आमच्या टॉवेलच्या कारखान्यात दिवसभर पट्टे आणि पुल्या यांच्याशीच गाठ असते, म्हणून एवढेच सांगतो. पट्टा सुरुवातीला ओरडून मग शांत होत असेल, तर तो घसरतो आहे आणि गरम झाल्यावर पकड घेतो आहे. आमच्याकडे पूर्वी सपाट पट्ट्यांना राळ लावून वेळ मारून नेत असत. कोणी तुम्हाला गाडीच्या पट्ट्यावर राळ, साबण किंवा बाजारात मिळणारा ‘बेल्ट स्प्रे’ मारायला सांगितले, तर कृपया ऐकू नका. दोन दिवस आवाज जातो, नंतर त्या चिकट थरावर धूळ बसते, आणि खरा दोष शोधण्याची जी एकमेव खूण हाती होती तीच पुसली जाते.

उत्तर (डिझेल फिटर, विजापूर रोड)

आपण लक्षणे इतकी व्यवस्थित लिहिली आहेत की अर्धे निदान त्यातच झाले आहे. माझे मत स्पष्ट आहे : हा आवाज टायमिंग बेल्टचा नाही.

टायमिंग बेल्टला आतल्या बाजूने दात असतात आणि ते क्रँकशाफ्ट (पिस्टनने फिरणारा दांडा) व कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांच्या दातेरी पुल्यांमध्ये बसून फिरतात. तो पकडीवर चालत नाही, दातांवर चालतो, त्यामुळे घसरून ‘चीं’ करणे त्याच्या बाबतीत संभवत नाही. तो घसरला तर दात सुटतो, टायमिंग बिघडते आणि गाडी सुरूच होत नाही किंवा त्याहून वाईट घडते. टायमिंग बेल्टच्या बाजूने आवाज येतात, पण ते वेगळे असतात. बेल्ट फार ताणून बसवला असेल तर इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारा, भोंग्यासारखा गुंजारव येतो. सैल असेल तर तो कव्हरवर आपटून फटफट वाजतो. टेन्शनर, आयडलर (पट्ट्याला वळण देणारी मोकळी पुली) किंवा वॉटर पंपाचे बेअरिंग गेले असेल तर घरघर किंवा जात्यासारखी खरखर येते, आणि ती एसी लावल्या-न लावल्याने बदलत नाही. (काही इंजिनांत टायमिंग बेल्टच नसतो. स्विफ्ट आणि डिझायरच्या जुन्या १.३ लिटर डिझेल इंजिनात साखळी आहे, तरीही त्या गाड्यांच्या मालकांना ‘टायमिंग बेल्ट ओरडतो’ असे सांगितलेले मी स्वतः ऐकले आहे. आपल्या इंजिनात काय आहे, हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत आधी पाहावे.)

आपला आवाज बाहेरच्या पट्ट्याचा आहे, ज्याला आपल्याकडे अजूनही सगळे फॅन बेल्ट म्हणतात, जरी आजच्या बहुतेक मोटारींत रेडिएटरचा पंखा विजेवर चालत असला तरी. हा लांबट रेघा असलेला पट्टा अल्टरनेटर (वीज तयार करून बॅटरी भरणारे यंत्र), एसीचा कंप्रेसर आणि बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगचा पंप फिरवतो. सकाळी स्टार्टरने बॅटरी खर्च केलेली असते, म्हणून अल्टरनेटर पहिले काही सेकंद जोर लावून ती भरतो. एसी, हेडलाइट आणि पूर्ण वळवलेले स्टिअरिंग हे तिन्ही त्याच पट्ट्यावरचे ओझे वाढवतात. ओझे वाढले की आवाज येतो, याचा अर्थ पट्टा घसरतो आहे.

आता ‘पट्टा बदला’ एवढे सांगून मी थांबलो असतो, पण आपण सहज लिहिलेले एक वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते : इंजिन बंद करतानाचा चीत्कार. अल्टरनेटरची पुली क्रँकच्या पुलीपेक्षा लहान असते, त्यामुळे त्याचा रोटर (आतला फिरणारा भाग) इंजिनाच्या साधारण अडीच-तीन पट वेगाने फिरत असतो आणि तो वजनदार असतो. डिझेल इंजिन झटक्यात थांबते. रोटर मात्र थांबायला तयार नसतो. म्हणून अनेक डिझेल गाड्यांत अल्टरनेटरवर एकाच दिशेने अडकणारी, सायकलच्या फ्रीव्हीलसारखी पुली बसवलेली असते, जिच्यामुळे इंजिन थांबल्यावरही रोटर क्षणभर मोकळा फिरत राहतो. ही पुली आतून जाम झाली, तर तो सगळा हिसका पट्ट्यावर येतो, पट्टा घसरतो आणि ओरडतो. इंजिन चालू असतानाही प्रत्येक ज्वलनाचा धक्का पट्ट्याला आणि टेन्शनरला बसत राहतो, आणि थोड्याच दिवसांत तेही खराब होतात. अशा गाडीला नुसता नवा पट्टा घातला, तर तोही महिनाभरात ओरडू लागतो आणि मग दोष पट्टा बनवणाऱ्याला दिला जातो.

खात्री अशी करावी. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, बाह्या दुमडलेल्या, गळ्यात रुमाल किंवा उपरणे नाही. सकाळी थंड इंजिन सुरू करून आवाज चालू असतानाच, फवाऱ्याच्या बाटलीने रेघांच्या बाजूवर दूरूनच थोडे साधे पाणी मारावे. आवाज क्षणभर गेला आणि थोड्या वेळाने तसाच परत आला, तर पुल्या एका रेषेत नाहीत असे समजावे. पाण्याने आवाज वाढला, तर ताण कमी आहे किंवा कुठेतरी अडकते आहे. काहीच फरक पडला नाही, तर बेअरिंगकडे वळावे. हे पाणी टायमिंगच्या कव्हराकडे जाऊ देऊ नये.

पुढचे काम मेकॅनिककडून, पण आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावे. बॅटरीचे टर्मिनल काढून बाहेरचा पट्टा उतरवावा आणि प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहावी. चांगले बेअरिंग गुळगुळीत आणि निःशब्द फिरते. खराब बेअरिंग बोटांना वाळू घातल्यासारखे लागते किंवा पुली डावी-उजवीकडे डुलते. अल्टरनेटरची पुली ज्या दिशेने ती रोज फिरते त्या दिशेने जोरात फिरवून एकदम धरावी. आतला रोटर क्षणभर पुढे फिरत राहिल्याचा आवाज आला, तर ती ठीक आहे. पुलीबरोबर रोटरही थांबला, तर ती जाम आहे. नव्या रबराच्या पट्ट्यांना पूर्वीसारख्या भेगा पडत नाहीत. त्यांच्या रेघा टायरसारख्या झिजतात, म्हणून भेगा नाहीत एवढ्यावरून पट्टा चांगला ठरवू नये.

एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. आवाज बाहेरच्या पट्ट्याचा आहे म्हणून तो किरकोळ समजू नये. फाटत आलेल्या पट्ट्याचे धागे क्रँकच्या पुलीमागून टायमिंगच्या कव्हरात शिरतात आणि टायमिंग बेल्टचा दात सोडवतात, असे प्रकार या धाटणीच्या डिझेल इंजिनांत घडतात. त्यानंतर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि खर्च अठरा हजारांवर थांबत नाही.

टायमिंग बेल्टबद्दल वेगळा विचार करावा. उत्पादक किलोमीटर आणि वर्षे अशा दोन मर्यादा देतात, आणि जी आधी येईल ती पाळायची असते. आपले किलोमीटर कमी झाले आहेत, पण रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते, आणि आपल्या उन्हाळ्यात तर अधिकच. पुस्तिकेतली वर्षे भरली असतील तर बदलावा. मात्र त्या आवाजासाठी नव्हे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. आज सकाळी साडेसहाला शेजाऱ्यांना मदतीला घेऊन पाण्याची चाचणी केली. आवाज क्षणभर दबला आणि लगेच आधीपेक्षा मोठा झाला, इतका की समोरच्या इमारतीतील आजोबा गॅलरीत आले. उद्या दुसऱ्या गॅरेजमध्ये पट्टा उतरवून घेणार आहे. एक शंका आहे : पट्टा न लावता इंजिन थोडे चालवून पाहिले, तर चालेल का?

उत्तर (डिझेल फिटर, विजापूर रोड)

आपल्या प्रकारच्या इंजिनात वॉटर पंप बहुधा टायमिंग बेल्टवर असतो, तो मेकॅनिकला आधी दाखवायला सांगावा. तसे असेल तर बॅटरी पुन्हा जोडून पंधरा-वीस सेकंद चालवायला हरकत नाही. ज्या गाड्यांत पंप बाहेरच्या पट्ट्यावर असतो, तेथे त्याहूनही कमी वेळ चालवावे. आवाज पूर्ण गेला, तर टायमिंगची बाजू निर्दोष सुटली असे समजा. त्याच वेळी वॉटर पंपाखाली पांढरट किंवा रंगीत डाग आहेत का तेही बघावे. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचे पाणी भरण्याची सवय आपल्याकडे फार आहे. त्या क्षारांनी पंपाचे सील खराब होते, गळती बेअरिंगपर्यंत पोहोचते, आणि मग खरोखरच टायमिंगच्या बाजूने आवाज सुरू होतो.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

काम झाले, म्हणून कळवतो. पट्टा उतरवून इंजिन चालवले आणि आवाज पूर्ण बंद झाला. अल्टरनेटरची पुली फिरवून धरली तेव्हा रोटरही जागच्या जागी थांबला; म्हणजे आपण म्हणालात तसेच, ती जाम होती. टेन्शनरच्या पुलीत खरखर लागत होती. सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट पट्टा हातात घेतल्यावर दिसली. त्याची इंजिनाकडची कड कुरतडल्यासारखी झाली होती आणि तेथून सुटलेला वीतभर लांबीचा काळा धागा क्रँकच्या पुलीमागे गुंडाळून बसला होता. मेकॅनिकने तो पक्कडीने ओढून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

अल्टरनेटरची पुली, टेन्शनर आणि बाहेरचा पट्टा असे तिन्ही बदलून ९,४०० रुपये लागले. टायमिंगचे वरचे कव्हर काढून पाहिले, तर आत धागा किंवा तेलाचा ओघळ नव्हता. पुस्तिका काढून पाहिली असता वर्षांची मर्यादा मात्र उलटून गेली होती, त्यामुळे येत्या सोमवारी टायमिंगचा पूर्ण संच वॉटर पंपासह बदलून घेणार आहे. कॅम आणि क्रँक जागेवर धरून ठेवणाऱ्या पिना त्या गॅरेजमध्ये आहेत, हे विचारून घेतले आहे. तोपर्यंत पंढरपूरची फेरी एसटीने करीन.