आजीच्या अंगठीतलं माणिक अस्सल की सिंथेटिक? सोलापुरात कुठे तपासू?

होटगीरोडकर: आजीची माणकाची अंगठी माझ्याकडे आली आहे. सत्तरेक वर्षं जुनी असेल. मंगळवार पेठेतला एक सराफ म्हणाला, "जुना माल आहे ताई, डोळे झाकून अस्सल." दुसऱ्याने पेनासारखं मशीन टेकवून सिंथेटिक ठरवलं. सासूबाईंचं तिसरंच, दुधात टाकून बघ म्हणे. मोडायची नाहीच. लॉकरमध्ये ठेवू की रोज घालू, एवढंच ठरवायचंय.

बाळीवेसचा_बाळ्या: लई सोपं आहे ताई. काचेवर ओढा. ओरखडा उठला की अस्सल.

भिंगवाला: काय सांगालाय बाळ्या! अस्सल आणि सिंथेटिक, दोन्ही कोरंडमच, म्हणजे एकच पदार्थ. काठिण्य ९, घनता साधारण ४, वक्रीभवनांकही तोच. काचेवर दोन्ही ओरखडा काढणार. ते पेन हिऱ्यासाठी असतं, माणिक खाणीतलं की भट्टीतलं ते त्याला कळत नाही. दुधाचा चहा करा.

आणि जुनं म्हणजे अस्सल, यात तर सगळ्यात जास्त लोक फसतात. ज्वाळेत माणिक बनवायची रीत फ्रान्सच्या व्हर्नुईने १९०२ मध्ये जाहीर केली. आजीच्या काळात असे खडे सर्रास मिळत, मनगटी घड्याळांतही तेच बसवत.

खरी खूण आत असते. दहापटीचं भिंग घ्या आणि खडा हळूहळू फिरवत बघा. व्हर्नुई पद्धतीच्या खड्यात ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या वक्र रेषा आणि वायूचे बारीक बुडबुडे सापडतात. नैसर्गिक खड्यातल्या वाढीच्या रेषा सरळ असतात, कोनात वळतात. कधी रेशमासारख्या बारीक सुयाही दिसतात.

होटगीरोडकर: दादा, पुतण्याच्या भिंगातून बघितलं. आत काहीच नाही, एकदम स्वच्छ. चांगलंच ना?

भिंगवाला: उलट शंका घ्यायची. मोठं, लालभडक आणि निर्मळ नैसर्गिक माणिक फार दुर्मीळ. पण त्यावरून निकाल देऊ नका, वक्र रेषा ठरावीक कोनातूनच दिसतात. अंगठी मागून बंद आहे का? जुन्या कोंदणात खड्याखाली चकाकीसाठी पन्नी असायची, तसं असेल तर भिंगाचा उपयोग नाही.

होटगीरोडकर: हो, बंदच आहे.

पार्करोड_काकू: मग खडा काढून लॅबलाच दे बाई. माझा पुष्कराज मी मुंबईला जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियात दिला होता. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री बसायचं, सकाळी मुंबई. सराफ स्वतःच छापून देतो त्या सर्टिफिकेट-कार्डावर जाऊ नकोस.

भिंगवाला: काकूंना अनुमोदन. रिपोर्टमध्ये 'नैसर्गिक' एवढंच वाचून थांबू नका, भेगांत काच भरल्याचा उल्लेख आहे का तेही बघा. तसा खडा रोज घालायचा नाही, सराफाच्या ॲसिडात खराब होतो. तसं काही नसेल तर खुशाल वापरा, नैसर्गिक असो की सिंथेटिक.

आणि खडा काढताना समोर बसा. आधी फोटो काढा, सुटल्यावर कॅरेटमध्ये वजन लिहून घ्या. अदलाबदल तिथेच होते.