शहाबादीवरच व्हिट्रिफाइड बसवायची आहे, खालची फरशी काढावी का?

खानापूरकर
माजघर १२ × १५ फूट, जुनी शहाबादी. ती उकरायची नाही, त्यावरच २ × २ फुटी व्हिट्रिफाइड घ्यायची आहे. मिस्त्री म्हणतात, सिमेंटची स्लरी (पातळ कालवण) ओतून बसवू. पावसाळ्यात चुलीकडच्या कोपऱ्यात चार-पाच फरश्या ओल्या दिसतात. माल किती लागेल? आणि काय काय बघून घ्यावं?

निपाणीकर
स्लरीवर बसवू देऊ नका. शहाबादी पाणी पिते, म्हणून ती सिमेंटला धरते. व्हिट्रिफाइड अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही, त्यामुळे सिमेंट तिला नीट धरत नाही. काही महिन्यांत ठोकून बघा, पोकळ वाजणार. टाइल ॲडहेसिव्हच (टाइल चिकटवायचा तयार मसाला) घ्या, पिशवीवर आयएस १५४७७ (भारतीय मानक) टाइप ३ लिहिलेलं असावं.

आधी प्रत्येक शहाबादी लाकडी दांड्याने ठोका. पोकळ वाजेल ती काढून पुन्हा पक्की बसवा, कारण खालची हलली की वरची सुटणारच. मग गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने तेल-मेण काढा, ग्राइंडरने गुळगुळीतपणा मोडा किंवा टाचे मारा. ६ फुटी ॲल्युमिनियम पट्टी फिरवून ३ मिमीपेक्षा खोल खड्डे आधी भरून घ्या, ॲडहेसिव्हने लेव्हल काढत बसू नका.

२० किलोच्या पिशवीला साधारण ५ लिटर पाणी, नेमकं माप पिशवीवर असतं. पाण्यात पावडर टाका, उलटं नाही. कालवून ५-१० मिनिटं थांबा, पुन्हा कालवा. घट्ट झालं म्हणून वरून पाणी घातलं की ताकद गेली. टाइलच्या पाठीवर पांढरी पावडर असते, ती ओल्या फडक्याने पुसून टाकाच, तिच्यामुळे टाइल सुटतात. १० मिमी दातेरी थापीने जमिनीवर सरळ रेघा ओढा, टाइलच्या पाठीलाही पातळ हात मारा. तिसरी-चौथी टाइल बसली की एक उचलून बघा, पाठ पूर्ण माखलेली दिसली पाहिजे.

शहापूर बेळगाव
ओलीचा निकाल आधी लावा. खरं काम तिथेच आहे. त्या कोपऱ्यात २ × २ फुटी प्लास्टिक पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा, दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या खाली आले तर ओल जमिनीतून येतेय. वरच आले तर तो हवेचा दमटपणा, त्याची काळजी नको.

खालून येत असेल तर बाहेर बघा. पागोळ्यांचं पाणी जोत्याशी साचतं का? अंगण जोत्याच्या वर आलंय का? आधी ते थांबवा. तरीही ओल राहिली तर तेवढी शहाबादी काढा, खालचा मुरूम धुमसून घट्ट करा, जाड प्लास्टिक घालून वर काँक्रीट करा. हे न करता व्हिट्रिफाइड टाकली तर ओल सांध्यांतून आणि भिंतीच्या तळातून बाहेर पडेल, पांढरे क्षार दिसतील. तिकडचा पाऊस बघता काम दिवाळीनंतरच धरा.

निपाणीकर
माल: १८० चौरस फूट, पेटीत ४ टाइल म्हणजे साडेपंधरा चौरस फूट. दहा टक्के जास्त धरून १३ पेट्या.

गवंडीकाम
१३ कमी पडतील बघा की. १२ फूट म्हणजे ३६५८ मिमी, आणि २ फुटी टाइल खरं तर ६०० मिमीची. एका भिंतीपासून पूर्ण टाइल लावत गेलात तर सहा टाइलनंतर, सांधे आणि भिंतीशी सोडायची फट धरून, जेमतेम तीन सेंटिमीटरची चिंधी उरते, तीही नेमकी भिंतीलगत. मध्यापासून सुरू करा: पाच पूर्ण, दोन्ही बाजूंना सुमारे ३१ सेंटिमीटरचे तुकडे. एका टाइलमधून असे दोन निघत नाहीत, म्हणून ओळीला सात टाइल. लांबीला सात पूर्ण ओळी आणि एक कापलेली. एकूण ५६ टाइल, म्हणजे १४ पेट्या. फुटीसाठी एक जादा, १५ घ्या आणि सगळ्या एकाच बॅचच्या, नाहीतर रंग बदलतो.

उरलेले तुकडे फेकू नका, एकेकातून ४ इंची स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाशी लावायच्या) दोन पट्ट्या निघतात. पूर्ण ओळींचेच १४ तुकडे, म्हणजे २८ पट्ट्या, जवळपास ५५ फूट. खोलीचा घेर ५४ फूट, त्यात दारं वजा. स्कर्टिंगला वेगळी टाइल लागणार नाही.

ॲडहेसिव्ह सहा पिशव्या धरा. भिंतीशी ८-१० मिमी फट सोडा, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. टाइल भिंतीला टेकली तर तापल्यावर फुगून मधूनच उचलते. सांध्यात २ मिमी स्पेसर (सारखी फट राखणारे प्लास्टिकचे तुकडे). सांध्यात आलेलं ॲडहेसिव्ह ओलं असतानाच खरवडा, ग्राउट (सांधे भरायचा मसाला) २४ तासांनंतर.

खानापूरकर
दारांचं काय होईल?

गवंडीकाम
९ मिमी टाइल, ५ मिमी ॲडहेसिव्ह, म्हणजे जमीन सुमारे दीड सेंटिमीटर वर येते. फळ्या खालून तासाव्या लागतील, ते काम टाइल बसवण्याआधी करून घ्या. आणि चौकटीचा उंबरठा मोजा: दोन सेंटिमीटरपेक्षा कमी उंच असेल तर तिथे ठेच लागू नये म्हणून कड गोल घासून घ्या.