परिपत्रकातला राक्षस : विडंबन की पाचकळपणा?

घोडबंदरकर : आमच्या सोसायटीच्या पोरांनी गणपतीत दाखवलेल्या परग्रहपटावर काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकातले शब्द राक्षसांना चिकटवले की विडंबन होत नाही. सामान्य माणसाला काय कळणार?’ अहो, पहिल्या रांगेतल्या आज्ज्या सगळ्यांत आधी हसल्या! बासेल ग्रहाचं यान येतं, कॅप्टन किंचाळतो, ‘भांडवल साडेअकरा टक्क्यांखाली!’ आणि नव्वद दिवस हप्ता न मिळालेला एनपीए थर्माकोलचं कवच फोडून उठतो. तोंडाला टेबलफॅनची जाळी. आणखी काय पाहिजे?

निवृत्त रोखपाल, नौपाडा : ते मीच लिहिलं. लेकीकडे आलो होतो, पूर्ण बघितलं. एनपीए म्हणजे थकलेलं कर्ज. तो राक्षस ठेवीदारांची पासबुकं खात होता! ठेवींवर पाच लाखांपर्यंत विमा असतो, हे लेखकाच्या गावीही नाही. आणि बासेल हे स्वित्झर्लंडमधलं शहर आहे. जर्मनीतली हेरष्टाट बँक बुडाली, त्यानंतर १९७४ साली तिथे समिती बसली. बँकेकडे किती भांडवल हवं, याचे नियम तीच ठरवते. टिंगल करायची तर आधी वाचा.

वाशीची सून : काका, ती झॉम्बी खाती मात्र शंभर टक्के खरी होती. दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय, आणि हात पुढे करून ‘केवायसी… केवायसी…’ पुटपुटत चालतात. आमच्या सासूबाई ८१ वर्षांच्या. ना पत्ता बदलला, ना नाव. शाखेत म्हणाले, ‘आजींना घेऊन या.’ व्हीलचेअर दोन पायऱ्या मी आणि वॉचमननं उचलली. आत गेल्यावर : सर्व्हर डाउन.

निवृत्त रोखपाल, नौपाडा : केवायसी राहिलं की मेमो काउंटरवरच्याला मिळतो, तुमच्या सासूबाईंना नाही.

वाशीची सून : काही बदल नसेल तर नुसतं स्वयंघोषणापत्र चालतं, हे काउंटरवरच्याला ठाऊक नको? कमी जोखमीच्या ग्राहकाला दहा वर्षांतून एकदा म्हणे. आम्हाला चार वर्षांत तिसरा मेसेज! की ८१ वर्षांची बाई हवाला करते?

कोपरखैरणे सेक्टर : माझंही तेच झालं. सही जुळत नाही म्हणाले. १९९८ची सही कशी जुळेल, तेव्हा मला केस होते.

निवृत्त रोखपाल, नौपाडा : सही न जुळता पैसे दिले असते तर इथेच आमच्या नावानं शिमगा केला असता! पस्तीस वर्षं शिव्या खाल्ल्यात, आता पिक्चरमध्येही आम्हीच हिरव्या तोंडाचे.

घोडबंदरकर : हिरवा कॅप्टन होता. रोखपाल तर शेवटी जग वाचवतो. तुम्ही आरतीला उठलात वाटतं?

निवृत्त रोखपाल, नौपाडा : प्रसादाला. बरं, तेवढं चुकलं. पण निष्क्रिय खात्यातले पैसे दहा वर्षांनी कृष्णविवरात गडप होतात असं दाखवलंय, ते साफ खोटं. रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जाते, वारस नंतरही बँकेकडे मागू शकतात.

वाशीची सून : मागू शकतात! केवायसी करून ना?

निवृत्त रोखपाल, नौपाडा : …हो. पुढच्या वर्षी संहिता आधी मला दाखवा. हसेनच असं नाही. आणि ताई, सासूबाईंचा तो फॉर्म मला पाठवा, कुठे अडलाय बघतो.