बासरीतून पहिला सूर कसा निघाला? तुमचा अनुभव सांगा

हौसेनं बासरी आणली, फुंक मारली आणि नुसतीच हवा! पेटीची पट्टी दाबली की सूर येतो, तबल्यावर हात पडला की निदान आवाज तरी होतो. आडवी बासरी तेवढीही दया दाखवत नाही. तुमचा पहिला सूर कशानं निघाला, कुठे अडलं, बासरी कोणती होती ते लिहा. शिट्टीच्या उभ्या बासरीचे अनुभव कृपया नकोत, ती पहिल्या फुंकेत वाजते.

मी सुरुवात करतो. मुक्काम नागपुरातलं धरमपेठ, बासरी पांढरी एकची, म्हणजे पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीवर सा असणारी, दीडेक फुटाची. गुरुजींनी आधी बोटंच काढायला लावली. दोन्ही हातांनी बासरी टोकांना धरायची, एकही भोक झाकायचं नाही, फक्त फुंक. खालचा ओठ फुंकेच्या भोकाच्या काठावर असा टेकवायचा की साधारण तिसरा हिस्सा झाकला जाईल. ओठ कोपऱ्यांकडे किंचित ताणायचे आणि मधल्या बारीक फटीतून हवा सोडायची. फुंक चालू ठेवून बासरी हळूहळू आत-बाहेर फिरवायची. एका ठिकाणी फुसफुस थांबून सूर पकडतो. ती जागा गेली की परत शोधायची. आठवडाभर घरच्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं.

महालातून

धरमपेठवाले, तुम्हाला मिशी नसावी. माझी ओठावर उतरलेली होती, तिचे केस फुंकेच्या वाटेत येत आणि हवा फाटून जाई. हे कळलं कसं, तर वर्गातल्या एका पोराने विचारलं, "काका, मिशी वाजवून राहिले का?" कापली. त्याच संध्याकाळी सूर निघाला. सेवानिवृत्तीनंतर शिकणाऱ्यांसाठी आणखी एक. कवळी असेल तर ती घालूनच सराव करा. ती काढली की ओठ आत जातो, मग दोन वेगवेगळ्या तोंडांनी शिकल्यासारखं होतं.

फुटाळा

तलावाकाठी एकाकडून घेतली. तो काय सुंदर वाजवत होता! मी घरी आणली तर नुसती फूऽऽ. दुसऱ्या दिवशी परत नेली. त्याने घेतली, तीच बासरी, पुन्हा सुंदर वाजवली. तेव्हापासून बासरीला नावं ठेवणं बंद केलं.

मानेवाडा

मुलगी नऊ वर्षांची. तिला मैफलीत पाहिलेली लांबच लांब बासरी हवी होती. सरांनी समजावलं, ती पुढची गोष्ट. शास्त्रीय मैफलीत एवढी मोठी बासरी पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी रुजवली. पांढरी तीनची ती बासरी अडीच फुटांच्या आसपास असते आणि तिची भोकं मोठ्या माणसांच्याही बोटांना दूर पडतात. तिच्या हाती लहान बासरी आली. आधी नुसती फुंक, मग डाव्या हाताची वरची तीन बोटं, म्हणजे सा. तीन बोटं ठेवली की तिचा सूर गायब व्हायचा आणि ती पुन्हा जोरात फुंकायची. दोष फुंकेचा नव्हताच, अनामिका भोकावरून जराशी सरकलेली असायची. एवढ्याशा फटीनेही सूर फाटतो. सर बोट उचलून तिला बोटाच्या पेरावरचा गोल वळ बघायला लावायचे. वळ पूर्ण गोल उमटला तर भोक नीट झाकलं, अर्धा उमटला तर गळती. ती आता रिक्षातही बोटं बघत बसते.

आमच्या घरातला खरा शत्रू मात्र कूलर. समोर बसून फुंकलं की त्याची हवा फुंक उडवून नेते. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करा म्हणून बघा कोणाला! शेवटी ती कूलरकडे पाठ करून बसू लागली.

प्रतापनगर, विज्ञान शिकवते

वर काही जणांनी जोर लावल्याचं लिहिलंय, म्हणून थोडं. फुंक भोकाच्या पलीकडच्या काठावर आपटते आणि कधी नळीच्या आत, कधी बाहेर अशी झुलायला लागते. नळीतली हवा त्या झुलण्याला आपल्या लांबीप्रमाणे वेग लावून देते. पांढरी एकच्या बासरीवर सहाही भोकं बंद केली की खालचा पंचम मिळतो, म्हणजे सेकंदाला साधारण ३९२ झोके. फुंक सगळी आत गेली तर सूर नाही, सगळी वरून गेली तरी नाही. म्हणून कोन महत्त्वाचा. जोर वाढवला की सूर वरच्या सप्तकात उडतो, आणि नवशिक्याला वाटतं बासरीच बिघडली.

माझ्या विद्यार्थ्यांना मी आधी काचेच्या रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकायला सांगते. ते जमलं की बासरी लवकर धरते.

सदर

डोकं गरगरतं हो! कोणाला झालं का असं?

महालातून (पुन्हा)

हाव, सगळ्यांनाच होते. भराभर फुंकल्यानं श्वास जास्त बाहेर जातो. थांबायचं, बसायचं, पाणी प्यायचं. पाच मिनिटं फुंकायचं, तेवढाच आराम. पहिल्या महिन्यात तासभर बसण्यात काही पुरुषार्थ नाही.

कोराडी रोड

माझी बांबूची नाही, लाकडी आहे, मामाने परदेशातून आणलेली. फुंकायची रीत तीच, आडवी धरून भोकाच्या काठावर. पण आपल्याकडचा उन्हाळा लाकडाला मानवत नाही. पारा ४५ च्या पुढे गेला की चिरा पडण्याची भीती. मी ती कापडात गुंडाळून कपाटात ठेवतो, आतून अधूनमधून हलकं तेल लावतो. बांबूवाल्यांनीही मोहरीचं तेल लावावं. बांधलेले दोरे शोभेचे नाहीत, बांबू चिरू नये म्हणून असतात. ते काढू नका.

सदर (पुन्हा)

थांबून केलं, बरं वाटलं. आता दुसरा प्रश्न. मी डावखुरा आहे. दुकानदार म्हणतो, तुमच्यासाठी वेगळी बासरी करावी लागेल, तिला पैसे जास्त पडतील.

धरमपेठ

गरज नाही! सहाही भोकं एका रेषेत असतील तर बासरी दुसऱ्या बाजूला धरली की झालं. आडवी बासरी कुठल्याही बाजूने धरता येते. फक्त वर्गात बसताना डावीकडच्या टोकाला बसा, नाहीतर शेजाऱ्याच्या डोळ्यात जाईल. आणि बासरी घेताना दुकानातच कोणा जाणकाराकडून वाजवून घ्या. त्याच्याकडूनही सूर निघाला नाही, तर दुसरी मागा.