मदत हवी आहे : परदेशातल्या शाळेत नोकरी मिळाली, ते म्हणतायत 'टुरिस्टवर या'. जाऊ का?

तापीकाठची (जळगाव)
नमस्कार. जरा लवकर उत्तर द्या, शाळेला शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे. इंग्रजी शिकवायची नोकरी आहे. पगार बरा, राहायची सोय त्यांची. व्हिडिओवर मुलाखत होऊन निवडही झाली. आता म्हणतायत, आधी टुरिस्ट व्हिसावर या, बाकीचं इथे आल्यावर करू. तो देश मी एकटीने फिरून आलेय, म्हणून 'एकटी बाई कशी जाणार' हे कृपया कोणी सुरू करू नका. दोनच प्रश्न आहेत. असं जाणं चालतं का? आणि डिग्रीवर परदेशासाठी लागणारे सरकारी शिक्के कुठे मारून मिळतात, जळगावात होतं का?

केळीबाग_रावेर
चालतं ताई. माझा मावसभाऊ थायलंडला व्हिसा न काढताच जाऊन आला. विमानतळावर कोणी काही विचारलं नाही.

निवृत्त_मास्तर_पारोळा
भाऊ, तुमचा मावसभाऊ फिरायला गेला होता, ही ताई नोकरीला चाललीय. ताई, देश कोणता? शाळा आहे की शिकवणी केंद्र? बी.एड. झालंय का? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

धुळेकर_दादा
आधी एजंट तपासा. परदेशी नोकरीसाठीच्या ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. एजंटने जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घ्यायचं, असा नियम आहे. आमच्या साक्रीकडच्या पोरांकडून आखातात जायला लाख-दीड लाख उकळलेत, म्हणून पोटतिडकीने लिहितोय. दहावी झालेली असेल तर पासपोर्ट ईसीएनआर, म्हणजे नोकरीला जाताना वेगळी सरकारी मंजुरी लागत नाही असा, असतो, तेही बघून घ्या.

तापीकाठची
दादा, एजंट नाहीच. शाळेशी थेट बोलणं झालंय. देश व्हिएतनाम, शहर हनोई, खाजगी शाळा. बी.ए. इंग्रजी आणि बी.एड. आहे. आता तरी कोणी शिक्क्यांचं सांगेल का?

सातपुडा_शहादा
व्हिएतनाम कशाला? जपान बघा. २०१९ पासून तिथे 'तोकुतेई गिनो' नावाचा कामाचा व्हिसा आहे. वृद्धांच्या सेवेसाठी माणसं हवी आहेत. जपानीची एन४ आणि सेवाकामाच्या परीक्षा पास झालात की कंपनीच तिकडून पात्रतेचा दाखला काढते. माझी बहीण नंदुरबारहून गेली, आज घरी पैसे पाठवते. सगळं कायदेशीर.

तापीकाठची
तुमच्या बहिणीचं कौतुकच आहे. पण मी शिक्षिका आहे आणि मला शिकवायचंच आहे.

हनोईतून_चोपडेकर
ताई, मी चोपड्याची, बरीच वर्षं इथे शिकवतेय. नीट वाच.

व्हिएतनामचा ई-व्हिसा १५ ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांचा मिळतो. एका प्रवेशाचे २५ डॉलर, अनेक प्रवेशांचे ५०. सरकारी संकेतस्थळावरूनच काढ, तशीच दिसणारी खाजगी दुकानं खूप आहेत. पण या व्हिसावर वर्गात उभं राहायचं नाही. 'आठवडाभर नुसतं वर्गात बसून बघ' म्हणाले तरी नाही. कामाचा परवाना शाळेने काढायचा असतो. त्यासाठी तुझी डिग्री, पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय तपासणी लागते. परवाना आला की दोन वर्षांपर्यंतचं निवासकार्ड होतं. परवाना नसताना पकडली गेलीस तर दंड होतो, देशाबाहेर काढतात. आणि शाळेने पगार अडकवला तर तक्रार कुठल्या तोंडाने करणार? माझ्यासोबत राहणाऱ्या एका मुलीचा असाच पगार बुडाला, तिच्याबरोबर मी रात्र रात्र जागलेय.

धुळेकर_दादा
म्हणजे टुरिस्टवर जायचंच नाही. संपला विषय.

हनोईतून_चोपडेकर
दादा, असं सरसकट नाही. ई-व्हिसावर आलेल्या माणसाला कामाचा परवाना मिळाला तर देशाबाहेर न जाता व्हिसा बदलता येतो, २०२० पासून कायद्यातच तशी सोय आहे. प्रश्न परवाना यायच्या आधी काम करण्याचा आहे.

धुळेकर_दादा
कागदावर सोय असते हो. परक्या मुलखात ९० दिवस बिनपगारी बसून परवाना आला नाही तर? परतीचं तिकीट कोण काढणार? आधी परवाना, मग विमान, असंच शाळेला सांगावं.

हनोईतून_चोपडेकर
हे मात्र पटलं. ताई, शाळेला विचार की भारतात असतानाच परवान्याचा अर्ज करता का. चांगल्या शाळा करतात. मग मंजुरीपत्रावर मुंबईच्या व्हिएतनामी वाणिज्य दूतावासातून व्हिसा घेऊनच निघायचं. टाळाटाळ केली तर काय ते समजून घे.

निवृत्त_मास्तर_पारोळा
शिक्क्यांचं मी सांगतो, माझ्या सुनेचं केलंय. जळगावात नोटरीपलीकडे सरकारी शिक्के मिळत नाहीत. डिग्रीची आधी विद्यापीठाकडून पडताळणी, मग राज्य सरकारचा शिक्का मुंबईत, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, आणि त्यावर व्हिएतनामच्या वकिलातीचा. मंत्रालय कागद थेट माणसाकडून घेत नाही, त्यांनी नेमलेल्या संस्थांमार्फत द्यावे लागतात. शेवटी व्हिएतनामी भाषांतर, ते शाळा करून देते. पोलिसांचा दाखला मात्र घराजवळ होईल, पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रांत २०२२ पासून त्याचे अर्ज घेतात. कामाच्या परवान्याच्या अर्जाच्या वेळी तो सहा महिन्यांच्या आतला लागतो, म्हणून डिग्रीचं काम मार्गी लागल्यावरच काढा. डिग्री कोणत्या साली झाली?

तापीकाठची
२०११. डिग्रीवर 'उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' आहे, आता तर ते कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. त्याने अडेल का? आणि डिग्री माहेरच्या नावाने आहे, पासपोर्ट सासरच्या.

निवृत्त_मास्तर_पारोळा
अहो, हे आधी सांगायचं ना! विद्यापीठाचं नाव २०१८ मध्ये बदललं, ते पडताळणीपत्रात येतंच. खरी गाठ तुमच्या दोन नावांची आहे. लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र आहे का?

केळीबाग_रावेर
नोटरीचं प्रतिज्ञापत्र करा, 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच'. शंभर-पाचशेत काम होतं.

हनोईतून_चोपडेकर
भाऊ, आपल्याकडे बँकेत चालेल ते. इथला अधिकारी नुसत्या नोटरीवर विश्वास ठेवेलच असं नाही. लग्नाच्या प्रमाणपत्रावरही डिग्रीसारखेच सगळे शिक्के करून घ्यावेत. दोन्ही कागद एकाच फेरीत मुंबईला गेले तर वेळ वाचेल.

खान्देशी_काका
लग्न झालंय म्हणताय, मग घरच्यांचं काय म्हणणं आहे? यजमानांची संमती जोडावी लागेल ना?

तापीकाठची
काका, मी आणि माझी मुलगी, एवढंच घर आहे. ती माझ्या आईजवळ राहील, नंतर तिला नेणार आहे. संमतीचा कागद कोणी मागितलेला नाही.

हनोईतून_चोपडेकर
मागतही नाहीत. सज्ञान बाईला नोकरीसाठी नवऱ्याची चिठ्ठी लागत नाही, ना पासपोर्टला ना परवान्याला. काका, तुम्ही काळजीने विचारलंत हे कळतं, पण या प्रश्नापायी आपल्याकडच्या कितीतरी मुली अर्ज करायच्या आधीच मागे फिरतात.

अमळनेरनी_माय
बहीण, तठे खावानं काय? मासाच मासा म्हणतस.

हनोईतून_चोपडेकर
माय, 'चाय' (chay, म्हणजे शाकाहारी, चहा नव्हे) लिहिलेली खानावळ शोधायची, तिथे शुद्ध शाकाहारी मिळतं. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी इथले बौद्ध लोक मांस-मासे सोडतात, आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. त्या दिवशी गल्लोगल्ली मिळतं. एरवी साध्या भाजीतही खारवलेल्या माशांचा सॉस, न्योक माम, असतो. कळण्याचं पीठ आणि काळा मसाला मी सोबत आणते.

केळीबाग_रावेर
तिकडे केळी कुठल्या जातीची लावतात? टिश्यूची रोपं आहेत का?

हनोईतून_चोपडेकर
भाऊ, वेगळा धागा काढा, फोटो टाकते. ताई, अजून दोन गोष्टी. स्कूटी चालवत असशील तर इथे लगेच भाड्याने घेऊ नकोस. आपला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या करारावरचा आहे, व्हिएतनाम १९६८ च्या करारावरचा मानतं. अपघात झाला तर विमा हात वर करतो. आणि २०,००० आणि ५,००,००० डाँगच्या दोन्ही नोटा निळ्या आहेत, दिवा लावून बघून दे.

तापीकाठची
नोटांचं माहीत आहे, तिथल्या ह्युए शहरात भाजीवालीनेच मोठी नोट परत दिली होती.

शाळेला काल रात्री लिहिलं, परवान्याचा अर्ज इथे असतानाच करा. उत्तर आलं : करतो, पण कागद महिनाभरात हवेत. शुक्रवारची मुदतही वाढवली. विद्यापीठाच्या पडताळणीचा अर्ज आज भरला. लग्नाचं प्रमाणपत्र ग्रामपंचायतीचं आहे, मराठीत. मुंबईत तेच चालेल की आधी इंग्रजी प्रत काढू? मास्तर, सुनेचं कसं केलं होतं?

निवृत्त_मास्तर_पारोळा
तिचंही मराठीतच होतं. इंग्रजी प्रत काढून ग्रामसेवकाची सही-शिक्का घेतला, मग पुढे गेलो. सोमवारी सकाळीच गाठा, दुपारनंतर ते सापडत नाहीत.