सकाळी पहिल्या सेल्फला इंजिन धरत नाही, दिवसभर मात्र लगेच सुरू होतं

बंदरकाठ
ट्रॉलरचं इंजिन सहा सिलिंडर, टर्बो नाही, डिझेलचा इनलाइन पंप. स्टार्टर २४ व्होल्टचा, १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. हीट एक्स्चेंजर आहे आणि एक्झॉस्टमध्ये खारं पाणी सोडलेलं आहे. जून-जुलैच्या बंदीत बोट शाकारलेली होती, पाण्यात उतरवल्यापासून हा त्रास. रात्रभर उभी राहिली की सकाळी पाच-सहा वेळा सेल्फ मारावा लागतो, दर वेळी १०-१२ सेकंद. धरल्यावर मिनिटभर अडखळतं, मग साफ चालतं. बंद करून तासाभराने मारलं तर लगेच सुरू. दोन्ही डिझेल फिल्टर नवे टाकले, नोझल टेस्ट करून आणले. फिटर म्हणतो कॉम्प्रेशन गेलंय, इंजिन खोलावं लागेल. त्याआधी काय तपासू?

नोझलवाला
खोलू नका अजून. कॉम्प्रेशन कमी झालेलं इंजिनसुद्धा थंडपणी त्रास देतं आणि गरम झाल्यावर बरं वागतं, म्हणून फिटरचं म्हणणं अगदीच वावगं नाही. पण फरक कळायची सोपी खूण आहे: सेल्फ मारताना एक्झॉस्टला माणूस उभा करा. धूर अजिबात नाही म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. डोळे चुरचुरणारा पांढरा धूर म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही. मग सेल्फचा वेग, कॉम्प्रेशन आणि पंपाचं टायमिंग बघायचं. बंदीत पंप उतरवला होता का?
आणखी एक सांगा, टाकी भरलेली असताना त्रास कमी होतो का?

खारंपाणी
बाकी सगळं नंतर, आधी हे वाचा. एक्झॉस्टमध्ये पाणी सोडलेलं असेल तर असा लागोपाठ सेल्फ मारणं धोक्याचं आहे. इंजिन फिरतं तसा खाऱ्या पाण्याचा पंपही फिरतो, पण पाणी बाहेर ढकलायला एक्झॉस्टचा जोर नसतो. मफलर भरतो आणि पाणी उलटं मॅनिफोल्डमधून सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.
म्हणून दुसऱ्या प्रयत्नात धरलं नाही की समुद्राचा कॉक (खारं पाणी आत घेणारा) बंद करा आणि मफलरचा ड्रेन उघडून पाणी सोडा. इंजिन धरताक्षणी कॉक उघडा, नाहीतर रबरी इम्पेलर कोरडा फिरून मिनिटाच्या आत जळतो. कॉकपाशी माणूस ठेवूनच सेल्फ मारा. स्टार्टर ‘टक’ करून जागीच अडला तर पुन्हा मारायचा नाही. नोझल काढून, पुढच्या पुलीला पाना लावून हाताने फिरवा, पाणी असेल तर उडेल. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर ते तसंच ठेवून बोट नेऊ नका.

बंदरकाठ
कॉकचं माहीत नव्हतं. आजपासून माणूस ठेवतो. ऑइल बघितलं, स्वच्छ आहे.
धूर: पहिल्या तीन वेळा काहीच नाही. चौथ्याला पांढरे झोत येतात आणि मग धरतं. पंप उतरवला नव्हता. टाकीचं बरोबर ओळखलंत, भरलेली असली की दुसऱ्या सेल्फला धरतं, निम्म्याखाली गेली की जास्त छळतं.

नोझलवाला
मग कॉम्प्रेशन बाजूला ठेवा. रात्रभरात लाइनमधलं डिझेल उलटं टाकीत उतरतंय. टाकीतली पातळी जितकी खाली तितकं ते जास्त उतरतं, म्हणून टाकी भरलेली असताना बरं. कुठूनतरी हवा शिरतेय, नाहीतर फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढून पुढे देणारा) व्हॉल्व्ह बसत नाही.
आता यात सगळे फसतात ते असं: टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढीची असते. तिथल्या फटीतून इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जोड कोरडा ठणठणीत दिसतो आणि आपण म्हणतो इथे गळती नाही. ओला जोड शोधत बसलात तर सापडणार नाही.

उद्या सकाळी सेल्फला हात लावण्याआधी फीड पंपावरचा हँड प्रायमर (हाताने डिझेल ओढायचा दट्ट्या) सोडवून ३०-४० वेळा मारा. हाताला जड लागेपर्यंत. मग सेल्फ मारा. पहिल्याच झटक्यात धरलं तर निदान पक्कं.

जागा शोधायला: रात्री फीड पंपाची येणारी नळी सोडून तिथे स्वच्छ डिझेलचा १० लिटरचा कॅन जोडा, टाकीतल्या डिझेलच्या पातळीपेक्षा वर न ठेवता. रिटर्नची (उरलेलं डिझेल परत नेणारी) नळीही त्याच कॅनमध्ये सोडा. हवा काढून पाच मिनिटं चालवा, बंद करा, रात्रभर राहू द्या. सकाळी लगेच धरलं तर दोष टाकी ते फीड पंप या टप्प्यात. तरीही धरलं नाही तर फीड पंप आणि त्याच्या पुढे बघा.
पहिल्या टप्प्यात संशयित हे: वॉटर सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा फिल्टर) वाटीचं रबर (फिल्टर बदलताना जुनंच परत बसवलेलं असतं, तुम्ही नुकतेच बदललेत म्हणून आधी हेच), बँजो बोल्टचे (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर, क्लॅम्पखाली चिरलेला होज, टाकीतल्या उभ्या पाइपचा जोड. वायसर पुन्हा वापरायचे नाहीत, दोन्ही बाजूंना नवे. ओढीच्या जोडावर टेफ्लॉन टेपही नको; तुकडा सुटून फीड पंपाच्या व्हॉल्व्हखाली बसतो आणि नवं दुखणं सुरू.

दोन महिने टाकी अर्धी होती ना? तळाचं दोन-तीन लिटर पारदर्शक बाटलीत काढून पंधरा मिनिटं ठेवा. पाणी खाली बसतं. मध्ये काळपट साका दिसला तर नवे फिल्टर पण लवकरच तुंबतील.

वायरवाला
हवा असेलच, पण १०-१२ सेकंद सहा वेळा सहन करणाऱ्या बॅटऱ्यांचंही बघा. मीटर २४ व्होल्टला लावून ‘बॅटरी ठीक’ म्हणू नका, सेल्फ फिरत असताना मोजा. स्टॉप लिव्हर ओढून धरा म्हणजे इंजिन धरणार नाही, समुद्राचा कॉक बंद, पाच सेकंद पुरतात. चार आकडे हवेत: प्रत्येक बॅटरीवर वेगळा, बॅटरीच्या प्लसपासून स्टार्टरच्या मोठ्या बोल्टपर्यंत, आणि बॅटरीच्या मायनसपासून स्टार्टरच्या बॉडीपर्यंत. शेवटचे दोन अर्ध्या व्होल्टच्या आसपास राहिले तर केबल ठीक.

बंदरकाठ
केलं सगळं.
प्रायमर ४० वेळा मारून पहिल्या सेल्फला धरलं. कॅन लावूनही सकाळी लगेच धरलं. सेपरेटरची वाटी उघडली तर रबर एका जागी चिमटलेलं, खाचेबाहेर. नवं टाकलं, चारही वायसर बदलले. टाकीतून निघालेल्या तीन लिटरमध्ये पाऊण लिटर पाणी.
मीटर: बॅटऱ्या ११.१ आणि १०.३. प्लस ०.६, मायनस १.९.

वायरवाला
म्हणजे स्टार्टरला जेमतेम १८.९ मिळतायत. मायनसचे १.९ खूप झाले. अर्थची केबल इंजिनाला जिथे बसते तो बोल्ट काढा. बहुतेक लगखाली (केबलच्या टोकाची कडी) रंग किंवा हिरवा गंज असेल. पत्रा उघडा पडेपर्यंत घासा, दात असलेला वायसर घाला, आवळून झाल्यावर वरून ग्रीस. आतून नको, बाहेरून. केबल कापून बघा, तांबं काळं पडलं असेल तर लग नाही, केबलच बदलायची.
दोन बॅटऱ्यांत ०.८ चा फरक का? १०.३ वालीवरून फिश फाइंडर, वायरलेस किंवा दिव्यांसाठी १२ व्होल्ट काढलेत का?

बंदरकाठ
हो, फिश फाइंडर आणि केबिनचे दोन दिवे त्याच बॅटरीवर आहेत. लगखाली रंगच निघाला. साफ केल्यावर मायनसचा आकडा ०.३.

वायरवाला
तेच. एक बॅटरी रोज जास्त रिकामी होते, अल्टरनेटर मात्र दोघींना मिळून एकच २८ व्होल्ट देतो. भुकेली अर्धपोटी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर बसवा, दोन्ही बॅटऱ्यांवर मिळून. तोवर दोघींना वेगवेगळं १२ च्या चार्जरवर रात्रभर लावा आणि पुन्हा मोजा. १०.३ वाली तशीच राहिली तर दोन्ही बदला. सिरीजमध्ये एक नवी एक जुनी चालत नाही.

नोझलवाला
प्रायमर वापरून झाल्यावर त्याचा गोळा खाली दाबून पूर्ण आवळलात का? ढिला राहिला तर तिथूनच हवा घेतो आणि आठवड्याने पुन्हा हाच प्रश्न विचारायला याल.

बंदरकाठ
दोन आटे ढिला होता. आवळला.