मुलाला दिवाळीला परकर हवाय : नाशिककरांनो, सल्ला द्या

गोदाकाठची
नमस्कार. आम्ही इंदिरानगरला राहतो. मुलगा साडेपाच वर्षांचा. शाळेतून आला की युनिफॉर्म काढून माझी ओढणी कमरेला गुंडाळतो, मला दोन पिना लावायला लावतो आणि आरशासमोर गिरक्या घेतो. "आई, हे नीट गोल होत नाही," ही रोजची तक्रार. आता दिवाळीला त्याला मावसबहिणीसारखा काठाचा परकर हवाय. मला द्यायचाय. नवरा नाही म्हणत नाही, पण धास्तावलाय. सासूबाई म्हणतात, आत्ताच मोडा ही सवय.

मागे एका समुपदेशकांकडे गेलो. ते म्हणाले, ओढण्या, बाहुल्या सगळं कुलपात ठेवा, सुधारेल. चार दिवस ठेवलं. तो रडला नाही, हट्ट केला नाही, नुसता गप्प झाला. चौथ्या रात्री त्याच्या उशीच्या अभ्र्यात माझा रुमाल सापडला, घडी घालून लपवलेला. मी त्याच रात्री कुलूप काढलं.

समजून घेणारा समुपदेशक कसा ओळखायचा? शाळेत काय सांगायचं? आणि परकर कुठून शिवून घेऊ?

पंचवटीची आजी
अगं, कुलूप काढलंस ते उत्तम केलंस. माझ्या थोरल्या भावाचा परकर-पोलक्यातला फोटो आमच्या ओटीवर कित्येक वर्षं होता, केसांत वेणी माळलेला. असे फोटो पुष्कळ घरांत निघतील. मुलं जगत नसत तेव्हा मुलाचं नाक टोचून त्याला मुलीसारखं सजवायचीही रीत होती. बालगंधर्वांचं नेसणं पाहून तर घरंदाज बायका नेसायला शिकल्या, आणि त्यांना १९६४ साली पद्मभूषण मिळालं. सासूबाईंशी वाद घालू नकोस, जुना अल्बम घेऊन त्यांच्याजवळ बस. त्या म्हणतील, तेव्हा आईची हौस होती, हा स्वतः मागतोय. फरक आहेच. पण मागणारं लेकरू आपलंच ना?

सिडको_बालवाडीताई
वीस वर्षं लहान मुलांत आहे. या वयात फ्रॉक मागणारे मुलगे आणि केस कापून द्या म्हणणाऱ्या मुली दरवर्षी भेटतात. पुढे कोण काय होईल हे आज कुणालाच सांगता येत नाही, आणि ते ठरवायची घाईही नाही. त्याच्यासमोर "हे खूळ जाईल" म्हणू नका आणि "तू मुलगीच आहेस" असंही नको. तो काय म्हणतो ते ऐका.

वर्गशिक्षिकेला सुट्टीआधी एकटीला भेटा. "कुणी चिडवलं तर लगेच थांबवा आणि मला कळवा," एवढं स्पष्ट मागा. घरी त्याच्याकडून एक वाक्य घोकून घ्या: "मला आवडतं म्हणून घातलंय." बाहेर काहीजण हसतील हेही आधी सांगा, मग कुठे घालायचा ते त्याला ठरवू द्या. माझ्या वर्गात 'बायल्या' हा शब्द एका मुलाला दुसऱ्याने नव्हे, घ्यायला आलेल्या काकांनी वापरला होता. तेव्हा मोठ्यांनाच आधी समज द्या. हे काम बाबांनी केलं तर नातेवाईक लवकर गप्प बसतात.

सातपूरकर
समुपदेशकाला फोनवरच विचारा: "तुम्ही मुलाला बदलणार की आम्हाला त्याच्यासोबत राहायला शिकवणार?" 'बदलू' म्हणाले की फोन ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू आहे, जन्मतः ठरवलेल्या लिंगापेक्षा स्वतःची ओळख वेगळी वाटणं हा विषय मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढलाय, आणि नुसत्या कपड्यांच्या किंवा खेळाच्या आवडीवरून निदान करायचं नाही असंही त्यात आहे. 'बदलण्याचे' उपचार हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ठरवलं. तुम्ही भेटलात ते डॉक्टर नसतील, तरी हे छापून जवळ ठेवा. तुम्हा दोघांना रात्री-बेरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

शिवणवाली_वहिनी
नवं कापड कशाला? काठाची जुनी साडी असेल तर त्यातूनच शिवा, काठ आयता खाली येतो. नसेल तर मेनरोडला कापड बघा, अडीच मीटर घ्या म्हणजे घेर छान पडेल. नाडी नको, इलास्टिक लावा, त्याला बाथरूमला जाताना स्वतः काढता-घालता येईल. आतून अस्तर सुतीच. शिंप्याने "मुलगी केवढी?" विचारलं तर सरळ सांगा, मुलासाठी आहे. लेकाला सोबत न्यायचं असेल तर शिंप्याशी आधी फोनवर बोलून घ्या, त्याच्यादेखत प्रश्नोत्तरं नकोत.

गोदाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. काल सासूबाईंनी अल्बम पाहिला. बोलल्या काहीच नाहीत, पण आज सकाळी त्यांची जांभळी येवल्याची साडी पलंगावर काढून ठेवलेली होती. माप नवऱ्याने घेतलं: कमरेपासून घोट्यापर्यंत ६१ सेंटीमीटर. मुलाची एकच अट आहे, गोट्या ठेवायला खिसा हवा. वहिनी, काठाच्या परकराला खिसा कुठल्या बाजूने लावतात?